शिंगल्सखाली मरीन प्लाय की सिमेंट बोर्ड?

बेळगावजवळ जांबोटीकडं मामाच्या घरावर शिंगल्स (छपरावर एकमेकांवर चढवून खिळतात त्या चपट्या पट्ट्या, खाली सलग फळी लागते) बसवताना फॅब्रिकेटरने "वॉटरप्रूफच आहे ओ" म्हणून साधा कमर्शियल प्लाय टाकला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पन्हळ साफ करायला मी वर चढलो तर कडेला पाय मऊ लागला, शिंगल उचलून बघतो तर प्लायचा काठ फुगलेला आणि नखाने एकेक थर सुटतोय.

आता नियमाचं. 'अमुकच बोर्ड घाला' असं आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात नाहीच, तिथं छपरानं किती भार पेलायचा ते दिलंय. ज्या छपरावर ये-जा नाही त्याला १० अंश उतारापर्यंत चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७५ किलो, उतार वाढला की कमी होतो पण ०.४० च्या खाली नाही. शिवाय दुरुस्तीला चढलेल्या माणसाचे ९०० न्यूटन (साधारण ९० किलो) एका जागी पेलले पाहिजेत, आणि मामाकडं तो माणूस मीच होतो!

मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१०, याचा नमुना ७२ तास पाण्यात उकळून चिकटाई तपासतात. हलका, खिळा घट्ट धरतो, आपल्या सुतारांना हात बसलेला. पण कापलेला काठ सील केला नाही तर पाणी तिथूनच शिरतं, दोन शीटमध्ये ३ मिमी फट ठेवायलाच लागते, आणि शेवटी लाकूडच ते, आग लागली की जळणार.

सिमेंट फायबर बोर्ड (आयएस १४८६२) कुजत नाही, वाळवी लागत नाही, जळत नाही. पण जड, ठिसूळ, खालचे आधार कमी अंतरावर लागतात आणि शिंगलचा खिळा त्यात नीट धरत नाही, आधी भोक पाडून स्क्रू मारा, वेळ जातो आणि मजुरी वाढते.

अमेरिकन व्हिडिओत दिसतो तो ओएसबी (लाकडाच्या चपट्या ढलप्या चिकटवून दाबलेला बोर्ड), त्यावर २४/१६ असा शिक्का म्हणजे छपराला २४ इंचावर आधार चालतो, घरातल्या फ्लोअरला १६. त्यांचं गणित बघून आपल्याकडं प्लायची जाडी ठरवू नका.

कणकुंबी-जांबोटीच्या पावसात, छपराची लोखंडी फ्रेम अजून वेल्ड व्हायची असेल तर आधार जवळ घेता येतात, मी सिमेंट बोर्डच घेईन. फ्रेम आधीच दोन फुटांवर मारली असेल तर जाड मरीन प्लाय. चिकोडी-अथणीकडं पाऊस कमी, तिथं बोर्डाचा खटाटोप कशाला, मरीन प्लाय बास. आणि मंगळुरी कौलंच घालणार असाल तर रिपांवर भागतं, हा सगळा खर्चच नको.

प्लाय घेतलात तर शिंगल चढायच्या आधी प्रत्येक शीटवरचा आयएसआय शिक्का आणि ७१० आकडा स्वतः बघून फोटो काढा, एकदा झाकलं की काय दिसत नाही.