फ्रिक्वेन्सी स्वीपमधील कॅशेचा पुनर्वापर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंदूरच्या पोलोग्राउंड परिसरातील आमच्या लहान कार्यालयात मायक्रोस्ट्रिप फिल्टरांचे (सर्किट बोर्डावरील धातूच्या पट्ट्यांनी बनलेल्या, ठरावीक फ्रिक्वेन्सीच पुढे जाऊ देणाऱ्या फिल्टरांचे) आरेखन चालते आणि त्यासाठी आम्ही सॉनेट हा प्लॅनर ईएम (सपाट रचनांचे विद्युतचुंबकीय गणित करणारा) सिम्युलेटर वापरतो. त्यातील एबीएस (अ‍ॅडाप्टिव्ह बँड सिंथेसिस) स्वीपची, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या संपूर्ण पट्ट्यावरील गणिताची, कॅशे (आधी सोडवलेली माहिती) जपून ठेवण्याची सोय काही महिने सातत्याने वापरल्यावर ती मला अत्यंत मोलाची वाटते; मात्र पहिला स्वीप लावण्यापूर्वीच मेशची फ्रिक्वेन्सी (धातूचे लहान उपखंड जिच्या आधारे पाडले जातात ती) ठरवून टाकणाऱ्याला तिचा खरा लाभ होतो.

सॉनेट वापरत असलेल्या मोमेंट पद्धतीत प्रत्येक फ्रिक्वेन्सीला मॅट्रिक्स नव्याने भरून सोडवावी लागते, आणि उपखंड दुप्पट झाले की सोडवण्याचे काम सुमारे आठपट वाढते. एबीएस मोजक्याच फ्रिक्वेन्सी पूर्णपणे सोडवून त्यांवर परिमेय फलन (दोन बहुपदींचे गुणोत्तर) बसवते आणि मधल्या फ्रिक्वेन्सींची उत्तरे त्यावरून काढते. ‘स्टॉप-रिस्टार्ट’ या पर्यायात ही माहिती स्वीप पूर्ण होईपर्यंतच राहते, तर ‘मल्टी-स्वीप’मध्ये ती पुढच्या स्वीपसाठीही जपली जाते.

२.४५ गिगाहर्ट्झच्या एका हेअरपिन (यू आकारात वळवलेल्या पट्ट्यांच्या) फिल्टरचा पहिला स्वीप आम्ही २ ते ३ गिगाहर्ट्झ असा घेतला होता. पुढे ४.९ गिगाहर्ट्झजवळचा दुसरा हार्मोनिक पाहायचा आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे मेश ५.५ गिगाहर्ट्झला स्थिर केला होता. त्यामुळे पट्टा वाढवला तेव्हा आधी सोडवलेल्या फ्रिक्वेन्सी जशाच्या तशा कामी आल्या आणि नवे गणित मुख्यतः वरच्या भागातच करावे लागले. नंतर २.४० ते २.५० एवढाच अरुंद पट्टा घेऊन परावर्तनाच्या खाचा (जेथे परावर्तन अगदी कमी होते त्या जागा) बारकाईने पाहिल्या, तेव्हा आलेख फार लवकर हाती आला. मेश चालू स्वीपच्या कमाल फ्रिक्वेन्सीवर सोडला असता, तर पट्टा वाढवताच उपखंड बदलले असते आणि जुनी माहिती बाद झाली असती. नवीन सहकाऱ्यांना मी सर्वांत आधी हेच दाखवतो.

भूमितीत कोणताही बदल केला, अगदी एक रेषा हलवली, तरी कॅशे निरुपयोगी ठरते, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच ट्रिमर (मूल्य बदलता येणारा) कपॅसिटर मी ईएम आरेखनात न घालता तेथे अंतर्गत पोर्ट (घटक नंतर जोडण्यासाठीचे टोक) ठेवतो आणि कपॅसिटरचे मूल्य सर्किट सिम्युलेटरमध्ये बदलतो. असे केल्याने ईएम गणित एकदाच होते आणि ट्यूनिंग कितीही वेळा करता येते. फिल्टरच्या कामात याहून जास्त वेळ वाचवणारी युक्ती मला माहीत नाही.

मल्टी-स्वीपला डिस्कवर बरीच जागा लागते, त्यामुळे आकार पक्का होईपर्यंत मी स्टॉप-रिस्टार्टच निवडतो. पक्के आरेखन मंजूर झाले की त्याची कॅशे काढून टाकतो, पण एस-पॅरामीटर (फिल्टरमधून किती सिग्नल पुढे जातो व किती परततो याचे आकडे) आणि मेशच्या फ्रिक्वेन्सीची नोंद प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये कायम ठेवतो.