ॲपवरून मागवावं की सुपरमार्केटात हिंडावं?

घरातलं सामान संपत आलंय आणि हाताशी दोन तास मोकळे आहेत. फोनवर दहा मिनिटांत यादी टाकून मोकळं व्हावं, की मोठ्या, गच्च भरलेल्या सुपरमार्केटात ट्रॉली ढकलत हिंडावं? मी दोन्ही करते. पण वेळ खरोखरच मोकळा असेल तर माझा कौल हिंडण्याला आहे.

ॲपवर वस्तू शोधायची तर आधी तिचं नाव ठाऊक हवं. शिफारशी येतात खऱ्या, पण त्या बहुतेक आपल्याच जुन्या खरेदीवरून काढलेल्या असतात. सुपरमार्केटात मात्र नाव माहीत नसलेली वस्तूही समोर येऊन उभी राहते. मध्यंतरी भांड्यांच्या रांगेत पक्कडीसारखं एक अवजार टांगलेलं दिसलं. एका बाजूला छोटा गोल खळगा, त्याच्या तळाशी भोक. दुसऱ्या बाजूला त्याच भोकात नेमकी उतरणारी बोथट दांडी. दोनदा दाबून पाहिलं, स्प्रिंग छान घट्ट होती. लसूण ठेचायला असेल का? पण मग भोक एवढं मोठं कशाला? शेवटी पुठ्ठा उलटला तेव्हा मागच्या चित्रावरून उलगडा झाला: चेरीतली बी काढायचं अवजार. घेतलं नाही, कारण चेरी घरी क्वचितच येतात. पण कुणीतरी एवढ्याशा कामासाठी इतका नेमका विचार केलाय हे बघून मी त्या दिवशी खूश होते. ॲपवर हे मला कधी सापडलं असतं? मी टाइप तरी काय केलं असतं?

दुसरी गोष्ट, वस्तू हातात घेऊन बघण्याची. मधाच्या फळीसमोर जरा उभं राहा. एक बाटली जवळजवळ पाण्यासारखी फिकट, शेजारची गडद तपकिरी, तिसरीच्या तळाशी रवाळ थर. तो थर दिसला म्हणून मधात भेसळ आहे असं नव्हे. मधातल्या ग्लुकोजचे कालांतरानं स्फटिक होतात, आणि ज्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर रवाळ होतो. रंगही फुलांप्रमाणे बदलतो. बाटल्या उजेडाकडे धरल्या की हे सगळं डोळ्यांना दिसतं. ॲपवर मात्र तिन्ही बाटल्या एकसारख्या सोनेरी दिसतात.

डब्यांच्या मागची बारीक अक्षरंही तशीच. बहुतेक देशांत घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे ज्याचं वजन सर्वांत जास्त ते पहिलं. दोन सॉसच्या बाटल्या दोन हातांत धरा आणि फक्त पहिले तीन शब्द ताडून पाहा. कुठल्या बाटलीत टोमॅटो पहिला आहे आणि कुठल्या बाटलीत साखर त्याच्या पुढे बसलीय, हे अर्ध्या मिनिटात कळतं. ॲपवर मागच्या बाजूचा फोटो असलाच तर धूसर असतो.

फळांबद्दल तर बोलायलाच नको. एकदा ॲपवरून खरबूज मागवलं. फोटो देखणा, आलेलं फळ दगडासारखं टणक आणि बिनवासाचं. निवडणाऱ्याला दोष देत नाही. घाईत दहा जणांच्या याद्या भरणारा माणूस देठाजवळ नाक नेऊन कधी बघणार?

फळ्यांमधून आपण स्वतः हिंडायचं, ही सोय आपल्याला आयती मिळालेली नाही. पूर्वी माल काउंटरच्या पलीकडे असायचा. गिऱ्हाइकानं यादी द्यायची आणि दुकानातल्या माणसानं वस्तू काढून आणायच्या. ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे किराणा दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन त्याला थेट फळ्यांपाशी सोडलं. या मांडणीचं पेटंट त्यांना १९१७ मध्ये मिळालं. टोपली जड झाली की खरेदी थांबते हे हेरून सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या आपल्या दुकानांत चाकांची ट्रॉली आणली. आता ॲपवर आपण पुन्हा यादी देतो आणि न दिसणारं कुणीतरी वस्तू काढून देतं. तो जुना काउंटर परत आलाय, असंच मला वाटतं.

तरीही ॲप कुठे सरस, तेही स्पष्ट सांगते. आजारपण, तान्हं मूल, दुखरे गुडघे, कामाचा आठवडा असेल तर विचारही करू नका, मागवा. दर महिन्याला तेच लागणारं जड सामान, म्हणजे तांदळाची पोती, साबणाचे मोठे डबे, हेही घरपोचच बरं. आणि पैशाचा हिशेब काटेकोर असेल तर ॲपवर बेरीज सतत समोर दिसते, नको ते काढून टाकता येतं. दुकानात डोळ्यांच्या उंचीवर बहुधा महागडा माल असतो आणि रांगेच्या टोकाला रचलेला ढीग सवलतीचा असेलच असं नाही. ॲपवरही पैसे भरून वर आणलेल्या वस्तू असतातच. पण दुकानात मी वाकून खालची फळी बघू शकते.

इतकं सगळं बघून डोकं गरगरतं, असं अनेकजण म्हणतात. त्यात तथ्य आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेला जॅमचा प्रयोग बराच गाजला. एका दुकानात चव घेण्यासाठी कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी ६. सहा प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी जॅम विकत घेतला. चोवीस असताना जेमतेम ३ टक्क्यांनी. हा आकडा सगळे सांगतात. पण त्याच प्रयोगात चोवीस बाटल्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक थांबले आणि सहांपाशी ४० टक्के, हे फारसं कुणी सांगत नाही. घ्यायचं ठरवणं कठीण होतं, पण बघायला माणूस ओढला जातोच. म्हणून झटपट काहीतरी ठरवायचं असेल तेव्हा मोठ्या दुकानात जाऊ नका. बघायचं असेल तेव्हा जरूर जा.

मी आता कामं वाटून टाकली आहेत. जड आणि ठरलेलं सामान फोनवरून येतं. महिन्यातून एकदा, सकाळी दुकान उघडताना, पोट भरलेलं असताना मी हिंडायला जाते. तेव्हा फळ्या नुकत्या लावलेल्या असतात आणि रांगांमध्ये गर्दी नसते. दर वेळी एक रांग अशी निवडते जिच्यातलं मला काहीच लागत नाही, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघते. ओळखीची नसलेली एकच वस्तू घ्यायची, बाकीच्या परत जागेवर. थंड कपाटातलं सगळ्यात शेवटी, बिलाच्या रांगेत लागण्याआधी. मागच्या खेपेला केपर नावाच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्यांची बाटली आणली. त्या शिजवण्याआधी धुवायच्या असतात हे घरी येऊन कळलं. दुसऱ्यांदा केलेला रस्सा बरा झाला.