पायाचं मॉडेल: जांघेत पास, गुडघ्यामागे नापास

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना शिकवायला घेतलेलं हे मॉडेल. कॉमन पेरोनियल नर्व्ह (पायातला एक मज्जातंतू) फिब्युलाच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या, मानेला वळसा घालते ती जागा इतकी स्पष्ट आहे, की घट्ट प्लास्टरच्या दाबाने फूट ड्रॉप (पाऊल वर उचलता न येणं) का होतो हे बोट ठेवताच पोरांना कळतं. जांघेत बाहेरून आत नर्व्ह, धमनी, शीर (व्हेन) हा क्रमही अचूक. गुडघ्यामागे मात्र गोंधळ! पॉप्लिटियल (गुडघ्यामागची) धमनी सर्वांत खोल, हाडालगत असते, म्हणून तर गुडघा निखळला की तिला धोका. इथे ती टिबियल नर्व्हच्याही वर, कातडीच्या बाजूला चिकटवलीय. घोट्याच्या आतल्या हाडापुढची ग्रेट सॅफेनस शीर सुरेख, तिच्या सोबतीची सॅफेनस नर्व्ह गायब. स्टँड डुगडुगतो, ते चालेल. एकट्याने अभ्यास करणाऱ्यांनी घेऊ नका.