एक्सएफसीईवर क्यूटीची सॉफ्टवेअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

एक्सएफसीई हा लिनक्सवरचा डेस्कटॉप जीटीके ३ वर चालतो. जीटीके आणि क्यूटी ही टूलकिट, म्हणजे सॉफ्टवेअरच्या खिडक्या आणि बटणं बनवण्याची तयार साधनं. पीडीएफ वाचायचं ओक्युलर, व्हिडिओ संपादनाचं केडेनलाइव्ह, चित्रं काढायचं क्रिटा ही क्यूटीवर. काही महिने दोन्ही एकत्र वापरून मत पक्कं झालंय: बिनधास्त वापरा, फक्त सॉफ्टवेअर कोणत्या टूलकिटवर बनलंय ते इन्स्टॉल करण्याआधी बघा.

ओक्युलर मागवलं की केडीई फ्रेमवर्क्सची (केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या सामायिक लायब्ररींची) लांबलचक यादी सोबत येते. घाबरू नका, हा भार पहिल्यांदाच पडतो; नंतर केडीईचं दुसरं सॉफ्टवेअर टाकताना त्यातली बरीच पॅकेजेस आधीच असतात. डेबियन, उबुंटू किंवा मिंटवर 'एपीटी इन्स्टॉल'ला 'सिम्युलेट' पर्याय जोडला तर काहीही इन्स्टॉल न होता पूर्ण यादी दिसते. 'नो इन्स्टॉल रेकमेंड्स' (फक्त शिफारस केलेली पॅकेजेस वगळणारा पर्याय) वापरल्याने यादी आखडते खरी, पण ब्रीझ आयकॉनचं पॅकेज त्यात गळलं तर टूलबारची बटणं कोरी दिसतात. ते वेगळं टाका, बटणं परत येतात.

खरी कटकट दिसण्याची. डेस्कटॉपला गडद थीम लावली तरी क्यूटीच्या खिडक्या पांढऱ्याफटक राहू शकतात, कारण जीटीकेची थीम क्यूटी स्वतःहून पूर्णपणे वाचेलच असं नाही. क्यूटीचं रूप ठरवणारी साधनं, क्यूटी ५ साठी 'क्यूटी५सीटी' आणि क्यूटी ६ साठी 'क्यूटी६सीटी', अशी दोन्ही टाका. मग होम फोल्डरातल्या डॉट-प्रोफाइल फाइलमध्ये 'क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्मथीम' हे व्हेरिएबल एक्स्पोर्ट करून त्याला 'क्यूटी५सीटी' ही किंमत द्या. क्यूटी६सीटीही तीच किंमत ओळखतं. लॉगआउट करून परत लॉगिन केल्याशिवाय फरक दिसणार नाही. बरेच जण इथेच अडकतात. त्यानंतर दोन्हींत रंग, फॉन्ट आणि आयकॉन वेगवेगळे निवडावे लागतात.

आणि जीटीकेचं आहे म्हणजे जुळेलच, असंही नाही! जीटीके ४ वरची लिबअद्वैता (ग्नोम डेस्कटॉपची लायब्ररी) वापरणारी सॉफ्टवेअर तुमची थीम जुमानत नाहीत. फार तर गडद-उजळसारख्या मोजक्या गोष्टी ऐकतात.

वेबसाइटवरून थेट उतरवलेलं क्यूटीचं सॉफ्टवेअर उघडतच नसेल तर ते टर्मिनलमधून चालवा. 'एक्ससीबी' (क्यूटीच्या खिडक्या पडद्यावर दाखवणारं) प्लगइन लोड झालं नाही असा संदेश आला, तर आधी 'लिबएक्ससीबी-कर्सर०' पॅकेज आहे का पाहा, क्यूटी ६.५ पासून ते लागतं. डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्सच्या) रिपॉझिटरीतून, म्हणजे अधिकृत पॅकेज-साठ्यातून, सॉफ्टवेअर घेतलं तर हे पॅकेज आपोआप येतं, म्हणून शक्यतो तिथूनच घ्या.

फ्लॅटपॅकमध्ये (सगळं सोबत बांधून सॉफ्टवेअर देणाऱ्या पद्धतीत) हे पॅकेज शोधायची भानगड नाही, पण केडीई आणि ग्नोमचे रनटाइम (सॉफ्टवेअर चालायला लागणारे लायब्ररींचे संच) वेगवेगळे उतरतात आणि डिस्कवर शेकडो एमबी जागा खातात. एकट्या पीडीएफ वाचकासाठी ते परवडत नाही. केडेनलाइव्हची ताजी आवृत्ती हवी असेल तर जरूर घ्या.