सीथ्रीआर करून नऊ महिने झाले

संक्रांतीच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं सीथ्रीआर झालं, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा कडक करून आजार थांबवायचा उपचार. सगळं नागपूर गच्चीवर चढून 'ओ काट' करत होतं आणि मी खिडक्यांना चादरी बांधून अंधारात पडलो होतो. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या, म्हणून थांबलो.

मला केराटोकोनस आहे, वय 23. यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो. दीड वर्षात सिलिंडर नंबर, म्हणजे कॉर्नियाच्या वेड्यावाकड्या आकारामुळे लागणारा चष्म्याचा नंबर, तीनदा बदलला. चष्म्याच्या दुकानात दर वेळी नवी काच बसवून दिली, पण 'एकदा डॉक्टरला दाखव' असं कोणी म्हटलं नाही. वर्धा रोडवर रात्री समोरून येणाऱ्या प्रत्येक हेडलाइटला शेपट्या फुटायला लागल्या, तेव्हा रामदासपेठेत जाऊन कॉर्नियाचा स्कॅन केला. सहा महिन्यांनी पुन्हा केला. के-मॅक्स, म्हणजे सगळ्यात उंच जागेचा बाक, 51.8 वरून 53.6 वर गेला होता. आजार वाढतोय हे असं दिसल्यावरच डॉक्टरांनी सीथ्रीआरचं नाव काढलं. माझ्या कॉर्नियाची जाडी 452 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरली. नेहमीच्या पद्धतीला किमान 400 लागते, नाहीतर उपचारातली अतिनील किरणं आतल्या नाजूक थरापर्यंत पोचतात.

प्रत्यक्ष उपचार कंटाळवाणा आहे. डोळा बधिर करतात, कॉर्नियावरची वरची साल खरवडतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब, मग अर्धा तास अतिनील प्रकाश. रायबोफ्लेविन म्हणजे तेच बी-2 जीवनसत्त्व. प्रकाश पडला की त्याच्यामुळे कॉर्नियातल्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे टाके पडतात आणि पडदा कडक होतो. जर्मनीतल्या ड्रेसडेनची ही पद्धत, अमेरिकेत मान्यता मिळायला 2016 उजाडलं. टेबलावर काही दुखलं नाही.

दुखलं ते घरी आल्यावर. संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि डोळ्यात कोणी तिखट भरल्यासारखं झालं. मोबाइलचा उजेडसुद्धा सहन होईना, पाणी थांबेना. दोन रात्री झोप नाही, तिसऱ्या दिवशी उतार. खरवडलेली जागा झाकायला डोळ्यावर बसवलेली मऊ बँडेज लेन्स पाचव्या दिवशी काढली.

खरी परीक्षा मात्र पुढे होती. महिनाभर त्या डोळ्याने आधीपेक्षाही धुरकट दिसत होतं. तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये के-मॅक्स 54.1! पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला असा वाढतो, घाई करू नका. सहाव्या महिन्यात 53.2 आला आणि परवाच्या स्कॅनमध्येही तेवढाच.

मे महिना वाईट गेला. लू आणि धुळीने डोळे खाजायचे, आणि कूलरचा झोत तोंडावर घेऊन झोपलं की सकाळी पापण्या चिकटलेल्या. डोळे चोळणं हे या आजाराचं खतपाणी, त्यामुळे आई पाळतीवरच असायची: "पुन्हा चोळून राहिला का रे?" शेवटी कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, अॅलर्जीचे थेंब सुरू झाले आणि हात आवरला. जमत असेल तर हिवाळ्यातच करून घ्या, एवढं नक्की सांगेन.

नातेवाईक अजून विचारतात, "मग चष्मा गेला का?" नाही गेला. सीथ्रीआर नंबर काढायला नसतंच, ते फक्त आजाराला ब्रेक लावतं. नजर सुधारली ती सहाव्या महिन्यात बसवलेल्या आरजीपी लेन्सने, म्हणजे हवा आरपार जाऊ देणाऱ्या कडक कॉन्टॅक्ट लेन्सने. पहिले पंधरा दिवस डोळ्यात खडा असल्यासारखी टोचली, आता मेट्रोच्या पाट्या लांबून वाचतो. रात्रीच्या शेपट्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. स्कूटी अजून उजेडातच चालवतो.

डावा डोळा सध्या स्थिर आहे. त्याचा पुढचा स्कॅन दिवाळीनंतर.