४.७ स्टारची गिटार: कुठला रिव्ह्यू कशासाठी वाचायचा?

वाद्य घ्यायचं ठरलं की माणूस रात्री मोबाइल घेऊन बसतो आणि रिव्ह्यू वाचत सुटतो. वाद्यांच्या दुकानाच्या साइटवर गिटारला ४.७ स्टार, सगळंच विकणाऱ्या बाजारू साइटवर तिलाच ४.२, आणि यूट्यूबवर एक जण ती अशी वाजवतोय की ऐकत राहावं. आता यातलं खरं कुणाचं मानायचं?

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. माझी ॲकूस्टिक गिटार घरी आली, त्याच्या तिसऱ्या दिवशी दुकानाचा ईमेल आला, ‘कशी वाटली?’ मी पाच स्टार दिले. ‘आवाज भरीव, फिनिशिंग सुंदर, डोळे मिटून घ्या.’ सात महिन्यांनी ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवलेल्या आणि गिटारच्या अंगावर चिकटवलेल्या पट्टीच्या, मागच्या कडेखाली कागद सरकायला लागला. तारांच्या ताणाने ब्रिज उचलला जात होता. दुरुस्त करून आणली, पण रिव्ह्यू बदलायला काही मी परत गेलो नाही. तो अजून तिथेच आहे, नावापुढे ‘खरेदी केलेला ग्राहक’ अशी खूण मिरवत. त्यात एक शब्द खोटा नाही. फक्त तो तीन दिवसांचा आहे.

म्हणून माझं मत असं की वाद्यांच्या दुकानांच्या साइटवर खोट्या रिव्ह्यूंपेक्षा घाईचे खरे रिव्ह्यू जास्त फसवतात.

खोटे नसतातच असं मात्र नाही. गिटार शिकवणाऱ्या डीव्हीडींचं प्रकरण संगीताच्याच बाजारातलं आहे. लेगसी लर्निंग सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीसाठी कमिशनवर काम करणारी मंडळी साध्या ग्राहकाचा किंवा त्रयस्थ समीक्षकाचा आव आणून कौतुक लिहीत होती. २०११ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने कारवाई केली आणि कंपनीला अडीच लाख डॉलर भरावे लागले. ऑक्टोबर २०२४ पासून तर अमेरिकेत खोटे रिव्ह्यू विकणं-विकत घेणं यावर थेट नियमच लागू आहे. युरोपियन युनियनमध्ये २८ मे २०२२ पासून विक्रेत्याला सांगावं लागतं की रिव्ह्यू खऱ्या ग्राहकांचे आहेत याची खात्री तो करतो का आणि कशी. युरोपातल्या दुकानाची साइट असेल तर ते निवेदन शोधून वाचा. दोन मिनिटांचं काम आहे.

वाद्यांचं खास दुकान आणि बाजारू साइट यांत मी दुकानाला झुकतं माप देतो. कारण व्यवहाराचं आहे. गिटार परत आली की दुकानाला ती उघडायची, तपासायची आणि कमी भावात विकायची, त्यामुळे भलतीच वस्तू गळ्यात मारण्यात त्याचाही तोटा. शिवाय तिथे लिहिणाऱ्यांत वाजवणारे बरेच असतात. ‘बाराव्या फ्रेटला ॲक्शन जास्त होती, सेटअप केल्यावर मस्त’ (म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासून तारा उंच होत्या, त्या नीट जुळवून घेतल्या) असं वाक्य बाजारू साइटवर क्वचितच दिसतं.

पण दुकानाच्या पानावर तीन गोष्टी लपलेल्या असतात. पहिली, ब्रँड कुणाचा? हार्ले बेंटन हा जर्मनीतल्या थोमान या दुकानाचा स्वतःचा ब्रँड आहे. विकणारं, नाव लावणारं आणि रिव्ह्यू छापणारं घर एकच. म्हणजे रिव्ह्यू खोटेच, असं अजिबात नाही, पण तिथे कुणी त्रयस्थ नाही हे डोक्यात असू द्यावं. दुसरी, रिव्ह्यू मुळात कुठला? कंपनीच्या साइटवर लिहिलेले रिव्ह्यू दुकानांच्या पानांवर पुरवणाऱ्या सेवा आहेत, बाजारव्हॉइस त्यातली मोठी. खाली बारीक अक्षरात ‘मूळ अभिप्राय अमुक साइटवर’ असं असतं. तेव्हा तीन दुकानांत तेच कौतुक दिसलं तर ते तीन साक्षीदार नव्हेत, एकच माणूस तीनदा भेटलाय.

तिसरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. गिटारच्या रिव्ह्यूत गिटारइतकंच ती पाठवणारं दुकानही असतं. अमेरिकेतलं स्वीटवॉटर बऱ्याच गिटारींची पंचावन्न मुद्द्यांची तपासणी करून मगच त्या पाठवतं. तेच मॉडेल दुसरीकडून कारखान्याच्या खोक्यातून जसंच्या तसं आलं, तर तारा उंच आणि खुंट्या सैल असू शकतात. कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं, म्हणजे दांड्यावर बोटं दाबतात त्या फळीचं, लाकूड आकसलेलं असेल, तर फ्रेटची टोकं हाताला टोचतात. मॉडेल तेच, एकीकडे पाच स्टार, दुसरीकडे दोन. म्हणून ज्या दुकानातून घेणार, त्याच दुकानाचे रिव्ह्यू वाचावेत.

बाजारू साइटवर भानगड वेगळी. शूअरचा एसएम५८ हा गाण्याचा माइक नकली बनवणाऱ्यांचा आवडता, त्यामुळे ‘आवाज दबका’ म्हणणाऱ्याच्या हातात अस्सल माइक होता की नकली, हे रिव्ह्यूवरून कळत नाही. दुसरं म्हणजे एका वस्तूचे रिव्ह्यू दुसऱ्या वस्तूच्या पानावर चिकटवण्याचे प्रकार. २०२३ मध्ये याच कारणावरून व्हिटॅमिन विकणाऱ्या बाउंटिफुल या कंपनीवर अमेरिकेत सहा लाख डॉलरची कारवाई झाली. ट्यूनरच्या, म्हणजे सूर जुळवायच्या यंत्राच्या, पानावर कुणी ‘पट्टा मऊ आहे’ लिहिलेलं दिसलं की समजून जा. तारा, स्टँड, केबल असल्या वस्तूंसाठी मात्र मी खुशाल बाजारू साइटच बघतो. शेकडो जण ‘स्टँडचा स्क्रू घसरतो’ म्हणत असतील, तर तो घसरतोच.

आता एका स्टारचे रिव्ह्यू. मी सुरुवात तिथूनच करतो, पण उलटतपासणी घेत. शूअरच्या एसएम७बी माइकखाली ‘आवाज फारच कमी’ अशी तक्रार हमखास सापडते. आवाज कमी येतोच, कारण त्या माइकला निदान ६० डेसिबल गेन देणारा, म्हणजे आवाज तेवढा वाढवणारा, प्रीॲम्प लागतो आणि बरेच स्वस्त इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारे डबे) तिथवर पोहोचत नाहीत. ही तक्रार माइकची नाही, पण तुमचा इंटरफेस तसलाच असेल तर ती तुमच्यासाठीच आहे. कंडेन्सर माइकखाली ‘चालूच होत नाही’ असं दिसलं, तर बहुतेक माइकला केबलमधूनच वीज देणारं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण दाबायचं राहिलेलं असतं. आणि व्हायोलिन! ‘आत काहीतरी खुळखुळतंय, फुटकं पाठवलं’ अशी तक्रार असते तेव्हा वाद्य फुटलेलंच असतं असं नाही. आतली साउंड पोस्ट नावाची छोटी लाकडी काडी नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते. प्रवासात ती पडते. फ्रेंचमध्ये त्या काडीला ‘आत्मा’ म्हणतात. कारागीर ती परत उभी करतो, पण पहिल्यांदाच व्हायोलिन घेणाऱ्याला हे सांगणार कोण?

पाच स्टारांचं कोडं संशोधकांनी सोडवलेलं आहे. २००९ च्या एका अभ्यासात दिसलं की रिव्ह्यूंचा आलेख इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा येतो, म्हणजे पाच स्टारांचा डोंगर, एका स्टारची टेकडी आणि मध्ये दरी. एक तर ज्यांना वस्तू आवडेल असं वाटतं तेच ती घेतात, आणि घेणाऱ्यांतलेही खूष झालेले किंवा भडकलेले तेवढे लिहितात. म्हणून दरीतले तीन स्टारवाले शोधायचे. त्यातही ‘एक वर्षानंतर’ अशी सुरुवात असेल तर तो रिव्ह्यू सोन्याचा.

व्हिडिओचं काय? आवाजाचा अंदाज शब्दांपेक्षा व्हिडिओतून बरा येतो, हे खरं. लिहिलेलं ‘उबदार’ आणि ‘चमकदार’ कुणाला काय वाटेल सांगता येत नाही. पण तिथे ऐकू येतात ती वाजवणाऱ्याची बोटं, त्याचा माइक आणि त्याचं मिक्सिंग, तेही तुमच्या फोनच्या स्पीकरवर. वस्तू कंपनीने दिलेली आणि खाली कमिशनची लिंक असेल तर दोष लाडाने सांगितले जातात. दोन मॉडेल एकाच माणसाने एकाच खोलीत लागोपाठ वाजवले असतील, तर तो व्हिडिओ मी जरूर बघतो. बाकीचे करमणूक म्हणून.

तर पहिली गिटार घेणार असाल, तर खास दुकानाचे तीन स्टारवाले रिव्ह्यू आणि परत करण्याचे नियम वाचून घेऊन टाका. माइक किंवा इंटरफेस असेल तर एका स्टारवाल्यांना विचारा, पण त्यांच्याकडे आणखी काय सामान होतं ते बघून. डिजिटल पियानोच्या पट्ट्यांचं वजन मात्र कुणाच्याच रिव्ह्यूतून कळत नाही. तिथे उठून दुकानात जायचं आणि बोटं ठेवून बघायची.

हे लिहिताना माझा तो जुना रिव्ह्यू पुन्हा उघडला. चौदा जणांनी ‘उपयुक्त’ म्हणून अंगठा दाबलाय. बदलायचं बटण कुठेच सापडलं नाही, दुकानाला ईमेल टाकलाय.