वाकडमध्ये अकरा महिने, कोथरूडमध्ये बावीस महिने : पुण्यात कुटुंबासाठी परिसर निवडल्यानंतरचा अनुभव

जून २०२२ मध्ये आम्ही पाच जण कोल्हापुरातून पुण्यात राहायला आलो. पतींची नवी नोकरी हिंजवडी आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यात होती, माझी बदली बँकेच्या शिवाजीनगर भागातील शाखेत झाली होती, मुलगी आठवीत आणि मुलगा तिसरीत जाणार होता आणि सासूबाईंचे वय अडुसष्ट असून त्यांचे गुडघे दुखरे होते. घर शोधण्यासाठी आमच्या हाती दोन शनिवार-रविवार होते. त्या चार दिवसांत आम्ही एकच प्रश्न वारंवार विचारला, तो म्हणजे हिंजवडीला पोहोचायला किती वेळ लागेल. पाच माणसांच्या घराचा परिसर एका माणसाच्या कार्यालयावरून ठरवला जात आहे, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही. माझ्याही नाही, आणि रोज शिवाजीनगरला मीच जाणार होते.

वाकडमध्ये बाराव्या मजल्यावर दोन बेडरूमचे घर मिळाले. भाडे सव्वीस हजार आणि अनामत रक्कम एक लाख असे ठरले. एजंटने एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतले. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला आणि आम्ही सामान हलवले. तिथून पतींचे कार्यालय सात-आठ किलोमीटरवर होते, परंतु ते अंतर कागदावरचे ठरले. भूमकर चौक आणि हिंजवडीकडे जाणारा पूल या दोन ठिकाणी सकाळी नऊनंतर वाहने इतकी साचतात की, एवढ्याशा प्रवासालाही त्यांना पाऊण तास लागत असे आणि संध्याकाळी पाऊस असेल तर सव्वा तास. कार्यालयाजवळ राहण्याचा विचार पुण्याच्या पश्चिमेकडील हजारो कुटुंबांनी एकाच वेळी केलेला असल्यामुळे त्या जवळीकीचा लाभ फारसा कोणाच्याच पदरात पडत नाही.

माझा प्रवास याहून वाईट होता. वाकडहून औंधमार्गे शिवाजीनगरला येताना विद्यापीठ चौक ओलांडावा लागतो. तेथील जुने उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडले होते आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे तसेच नव्या पुलाचे काम सुरू असल्यामुळे गणेशखिंड रस्ता अरुंद झाला होता. पीएमपीच्या बसमध्ये उभे राहून जाता-येता मिळून तीन तास जात. एजंटने घर दाखवताना ‘मेट्रो येणारच आहे’ असे किमान पाच वेळा सांगितले होते. येणारी मेट्रो, होणारा रस्ता आणि मंजूर झालेला पूल यांच्यासाठी भाड्यात एक रुपयाही मोजू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि तेवढ्या काळात जे चालू स्थितीत आहे तेवढेच त्याचे.

पाण्याची गोष्ट आम्ही घर पाहताना विचारली होती आणि ‘चोवीस तास पाणी’ असे उत्तरही मिळाले होते. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत येते आणि ही महापालिका नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी देते. नळाला चोवीस तास येणारे पाणी म्हणजे महापालिकेचे थोडे, बोअरवेलचे बरेच आणि उन्हाळ्यात टँकरचे. बोअरच्या जड पाण्याने गीझरचे कॉइल आठ महिन्यांत पांढरे पडले आणि मुलीचे केस गळू लागले. मार्चनंतर सोसायटीने टँकरच्या खर्चासाठी वेगळी वर्गणी काढली. पाणी येते का, हा प्रश्न विचारून भागत नाही. ते कोठून येते, गेल्या एप्रिल-मे महिन्यांत रोज किती टँकर आले आणि त्यांचे पैसे भाडेकरूने द्यायचे की मालकाने, हे विचारावे लागते. याचे खरे उत्तर एजंटपेक्षा सोसायटीच्या पहारेकऱ्याकडून मिळते, कारण टँकरसाठी फाटक तोच उघडतो.

शाळेबाबत झालेली चूक मात्र पूर्णपणे आमची होती. मुलगी कोल्हापुरात राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत शिकत होती. घर आधी ठरवून शाळा नंतर शोधल्यामुळे वाकडमध्ये चालत जाण्याच्या अंतरात जी शाळा मिळाली ती सीबीएसईची होती. इतर विषयांत ती सावरली, पण इतिहास-भूगोल इंग्रजीतून लिहिताना तिचा आत्मविश्वास खचला. सीबीएसईमध्ये विद्यार्थ्याची मंडळाकडे नोंदणी नववीतच होते, त्यामुळे परत राज्य मंडळात यायचे तर आठवी संपताच यावे, असा सल्ला तिच्याच शाळेतील एका शिक्षिकेने दिला. आमचा दुसरा शोध सुरू होण्याचे खरे कारण हे होते. प्रवास आणि पाणी आम्ही कदाचित सहन केले असते.

तरीही वाकडला केवळ नावे ठेवणे अन्यायाचे होईल. सासूबाई तिथे जितक्या आनंदात होत्या तितक्या पुण्यात पुन्हा कधीच राहिल्या नाहीत. कोल्हापुरात त्या रोज महाद्वार रोडपर्यंत चालत जात, त्यामुळे बाराव्या मजल्यावर त्या कोंडल्या जातील अशी आम्हाला भीती होती. प्रत्यक्षात लिफ्टने थेट बागेत उतरता येत होते, तेथे हातांना टेकू असलेली बाके होती आणि संध्याकाळी पाच वाजता इंदूर, लखनौ व विजयवाडा येथून मुलांकडे राहायला आलेल्या आज्या तिथे जमत. कोणालाच कोणाची भाषा धड येत नसल्यामुळे सर्वांचा दर्जा समान होता. सासूबाईंनी मोडक्या हिंदीत त्यांना गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचे वर्णन ऐकवले आणि त्यांच्याकडून लिंबाच्या लोणच्याचे तीन नवे प्रकार शिकून घेतले. मुलालाही मैदान आवारातच होते. रस्ता न ओलांडता तो रात्री आठपर्यंत खेळू शकत असे. कोल्हापूरकडे जाणाऱ्या खासगी बस महामार्गावर वाकडला थांबतात, हीदेखील मोठी सोय होती.

एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्यांदा घर शोधताना आम्ही एका कागदावर प्रत्येकाच्या रोजच्या फेऱ्या लिहून काढल्या. मुलीची शाळा आणि क्लास, मुलाची शाळा, माझी बँक, पतींचे आठवड्यातील तीन दिवसांचे कार्यालय, सासूबाईंचा डॉक्टर आणि देऊळ, शिवाय भाजी आणि दूध. शाळा आधी निश्चित केली आणि तिच्यापासून वीस मिनिटे चालण्याच्या अंतरात घर शोधले. मधल्या काळात कमी भाड्याच्या मोहाने सिंहगड रस्त्यावर नदीच्या बाजूचे तळमजल्यावरील एक घर जवळजवळ पक्के केले होते, परंतु बँकेतील एका सहकाऱ्यांनी पूररेषेचा नकाशा पाहण्यास सांगितले. निळ्या आणि लाल पूररेषेचा अर्थ मला तेव्हा कळला : पहिली साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने त्याच सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील घरांत पाणी शिरल्याची दृश्ये पाहताना आमच्या घरात बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

अखेर कोथरूडमध्ये पौड रस्त्याजवळ, आयडियल कॉलनीच्या बाजूला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर मिळाले. भाडे सत्तावीस हजार ठरले. त्याआधी दोन मालकांनी ‘तुम्ही नॉन-व्हेज करता का’ असे विचारून आम्हाला परत पाठवले. कोल्हापूरच्या माणसाने या प्रश्नाचे खोटे उत्तर देणे शक्य नव्हते आणि दिलेही असते तरी पहिल्याच रविवारी वासाने ते उघडे पडले असते.

कोथरूडने सर्वाधिक काही दिले असेल तर ते मला. मे २०२३ मध्ये आलो तेव्हा मेट्रो वनाजपासून गरवारे महाविद्यालयापर्यंतच धावत होती. १ ऑगस्ट २०२३ पासून ती सिव्हिल कोर्टच्या पुढे जाऊ लागली आणि तीन तासांचा माझा प्रवास चालण्यासह जेमतेम एका तासावर आला. (येणाऱ्या मेट्रोबद्दल वर जे लिहिले आहे ते मी मागे घेत नाही. ही मेट्रो आमच्या दारात आधीच धावत होती आणि पुढचा टप्पा मिळाला तो वरकड.) २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंतचा मार्ग सुरू झाल्यापासून कोल्हापूरची एसटी गाठण्यासाठी रिक्षाही करावी लागत नाही. मुलगी शाळेत आणि क्लासला चालत जाऊ लागली. दवाखाना, औषधांची दुकाने, वाचनालय, पिठाची गिरणी आणि शिलाई-रफू करणारा असे सारे दहा मिनिटांच्या आत होते, आणि घरात वाहन असूनही आठवड्यातले चार दिवस ते खाली उभे राहू लागले. पार्किंगला जागा नसल्यामुळे एका अर्थी ते बरेच झाले.

पतींच्या वाट्याला मात्र लांबचा प्रवास आला. ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकातील नवे पूल सुरू झाल्यावर तेथील कोंडी कमी झाली, तरी म्हाळुंगेच्या बाजूने हिंजवडी गाठायला त्यांना तास-सव्वा तास लागतोच. त्यांचे म्हणणे असे की, वाकडलाही पाऊण तास जातच होता. तीन दिवसांचा हा जादा वेळ त्यांनी घरासाठी दिला, असे मी धरते. कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस बोलावले असते तर आमचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

पाणी येथे खडकवासल्याचे आणि गोड आहे, परंतु ठरावीक वेळीच येते. दुरुस्तीसाठी कधी गुरुवारी ते बंद असते आणि दुसऱ्या दिवशी कमी दाबाने येते. सवय झाल्यावर त्याचे काही वाटत नाही.

ज्या गोष्टीचे वाटते ती म्हणजे जिना. इमारतीला लिफ्ट नाही. दोनच मजले आहेत, असे आम्ही घर पाहताना म्हणालो होतो आणि सासूबाईंनीही मान डोलावली होती. मराठी शेजार, जवळचे दशभुजा गणपतीचे देऊळ आणि दारावर येणारी भाजी पाहून त्या येथे रमतील याची आम्हा दोघांना खात्री होती. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांचे उतरणे दिवसातून एकदा, मग दिवसाआड आणि गेल्या हिवाळ्यापासून आठवड्यातून एकदा असे होत गेले. शेजारी कसे आहेत, असे नणंदेने फोनवर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “माणसं चांगली हाईत, पर जिना उतरल्यावर. जिनाच उतरवत न्हाई.” फेऱ्यांच्या कागदावर आम्ही त्यांचे देऊळ आणि डॉक्टर लिहिले होते, पण त्यांचे घरातून जमिनीपर्यंतचे अंतर लिहिले नव्हते. वाकडमधील बारा मजल्यांपेक्षा कोथरूडमधील दोन मजले उंच निघाले.

दुसरी त्रुटी मालकांनी सांगितली नाही, ती पुनर्विकासाची. कोथरूडच्या जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. आमच्या शेजारचा भूखंड वर्षभर खोदकामात होता आणि मुलीची दहावीची उजळणी ब्रेकरच्या आवाजात झाली. गेल्या दिवाळीत कळले की, आमच्याही सोसायटीने विकसक निवडला असून तिसऱ्यांदा करार होणार नाही. सोसायटीच्या बैठकांत हा विषय आम्ही येण्यापूर्वीच निघाला होता. जुन्या इमारतीत भाड्याने जाताना पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, हे सचिवांना थेट विचारावे. मालक सांगेलच असे नाही, कारण त्याला मधल्या काळाचे भाडे हवे असते. आमच्या मालकांनी दहावीच्या परीक्षेमुळे मे २०२५ अखेरपर्यंत मुदत वाढवून दिली, हा त्यांचा चांगुलपणा मान्य केला पाहिजे. वाकडच्या मालकाने रंगकामाच्या नावाखाली अनामतीतून अठरा हजार कापले होते. तेव्हापासून घराचा ताबा घेताना प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवण्याची शिस्त आम्ही लावून घेतली आहे.

सध्या तिसरा शोध पूर्ण होत आला आहे. मुलीचे अकरावीचे महाविद्यालय ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेत कोठे मिळेल हे आज सांगता येत नाही, त्यामुळे मेट्रोच्या चालत्या मार्गाजवळ राहणे भाग आहे. मुलाला वाकडला परत जायचे आहे, कारण त्याच्या मते कोथरूडमध्ये खेळायला केवळ पार्किंग आहे आणि तेही गाड्यांनी भरलेले. त्याचे म्हणणे खरे आहे आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नाही. पुनर्विकसित इमारतीतील चौथ्या मजल्यावरचे एक घर पाहिले आहे. लिफ्ट आहे, जनित्र लिफ्टलाही जोडलेले आहे, खोल्या आताच्यापेक्षा लहान आणि भाडे छत्तीस हजार. या वेळी टोकन देण्यापूर्वी सासूबाईंना सोबत नेले. त्यांनी घर पाच मिनिटांत पाहिले आणि खाली येऊन फाटकाजवळच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहिल्या. संध्याकाळी तिथे कोण कोण बसते, याची चौकशी त्यांनी पहारेकऱ्याकडे केली. त्याने तीन जणींची नावे सांगितली, त्यांपैकी एक सांगलीची निघाली. टोकनचे पैसे आम्ही त्याच रात्री पाठवले. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत घर रिकामे करण्यास सांगता येणार नाही, ही अट करारात घालण्यास मालक तयार झाले आहेत. मसुदा उद्या येणार आहे.